अर्धवट राहिलेले अपग्रेड: इंदिरानगरमधील एका घरगुती संगणकाचे प्रकरण

नाशिकच्या इंदिरानगरमधील एका घरात, पुढच्या खोलीत, डीटीपीचे, म्हणजे छपाईसाठी मजकूर संगणकावर जुळवण्याचे, काम चालते. लग्नपत्रिका, शाळांच्या चाचण्यांच्या प्रश्नपत्रिका, दिंडोरी-निफाडकडच्या बागायतदारांना लागणारी द्राक्षपेट्यांची लेबले असा या कामाचा आवाका आहे. ते करणाऱ्या काकू सगळे काम एकाच डेस्कटॉप संगणकावर जुळवतात आणि तयार फाइल पेनड्राइव्हवरून रविवार कारंजाजवळच्या छापखान्यात पोचवतात. २०२५ च्या दिवाळीनंतर हा संगणक सुरू होईनासा झाला. तुळशीचे लग्न तोंडावर आले होते आणि ग्राहकांनी मंजूर केलेली पत्रिकांची प्रुफे त्याच संगणकात अडकली होती.

संगणक २०१८ सालच्या जुळणीचा आहे. इंटेलचा आठव्या पिढीचा आय-३ ८१०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, विंडोज १० साठी २४० जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) आणि झालेल्या कामांच्या साठ्यासाठी १ टीबीची हार्ड डिस्क अशी त्याची रचना. विंडोज १० ला मिळणारी नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि ‘तुमचा संगणक विंडोज ११ साठी पात्र आहे’ हा निरोप पडद्यावर वारंवार येऊ लागला, तेव्हा घरच्यांनी अपग्रेड उरकून घ्यायचे ठरवले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होणारे यंत्र लागते. या यंत्रात मूळ विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेली होती, त्यामुळे दिवाळीपूर्वीच एका दुकानातून डिस्कची विभागणी एमबीआर या जुन्या पद्धतीवरून यूईएफआयला लागणाऱ्या जीपीटी पद्धतीवर बदलून घेण्यात आली होती आणि बायॉसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद असलेली पीटीटी, म्हणजे इंटेलची अंगभूत टीपीएम सोय, सुरू करून घेण्यात आली होती. हे काम ज्याने केले त्याने ते व्यवस्थित केले होते. पुढे सगळा संशय त्याच्याच माथी मारला गेला, म्हणून ही नोंद आधीच करून ठेवतो.

घटनाक्रम

संगणक माझ्याकडे आला तेव्हा काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एवढाच मजकूर होता, की योग्य बूट डिव्हाइस (ज्यावरून संगणक सुरू होतो ती डिस्क) निवडून पुन्हा सुरू करा. सोबत तीन निदानेही आली होती. शेजारच्या मुलाच्या मते एसएसडी गेली होती, दुसऱ्या एका दुकानाच्या मते ‘फॉरमॅट मारावा लागेल, डेटाची हमी नाही’, आणि घरच्यांच्या मते लाइट गेल्यामुळे हे सगळे झाले होते. अशा वेळी यंत्राला हात लावण्याआधी माणसांना विचारणे अधिक उपयोगाचे ठरते, कारण बिघडलेला संगणक फक्त शेवटची अवस्था दाखवतो; त्या अवस्थेला तो कसा पोचला, हे घरातल्यांनाच ठाऊक असते.

अपग्रेड काकूंच्या मुलीने चालवले होते. तिने सांगितलेला क्रम असा. पहिल्या प्रयत्नात संगणक एकदा रीस्टार्ट झाला, टक्केवारी काही काळ पुढे सरकली, मग अडकली, आणि थोड्या वेळाने विंडोज १० जशीच्या तशी परत आली. ‘विंडोज ११ टाकता आली नाही’ असा एक चौकोन उघडला, त्याचा तिने फोनवर फोटो काढून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने पुन्हा प्रयत्न केला. तोही तिथेच अडकला. ‘केलेले बदल मागे घेत आहोत’ अशा अर्थाचा मजकूर पडद्यावर असतानाच वीज गेली. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी केव्हाच दमलेली असल्यामुळे दोनचार वेळा बीप करून तोही बंद पडला. वीज आल्यावर निळ्या पडद्यावर ०एक्स सी०००००० ई हा कोड आला. आवश्यक असलेले उपकरण सापडत नाही, असा त्याचा अर्थ होतो. त्यानंतर शेजारच्या मुलाने पेनड्राइव्हवरून काही चालवून पाहण्यासाठी बायॉसमध्ये सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय, चालू करून लेगसी बूट निवडला आणि ती सेटिंग तशीच राहिली. काळा पडदा आला तो तेव्हापासून.

एवढ्या कथनातून काळ्या पडद्याचे कारण सरळ उलगडते. डिस्क जीपीटी पद्धतीची आणि बायॉस लेगसी पद्धतीने बूट शोधणारा, अशी गाठ पडली की धडधाकट विंडोजसुद्धा सापडत नाही. ‘एसएसडी गेली’ हे निदान या एका सेटिंगवर उभे होते. पण ती सेटिंग पूर्ववत केल्याने फार तर निळा पडदा परत आला असता. त्यामागचे दुखणे वेगळे होते. आणि मुलीच्या फोनमधला फोटो वीज जाण्याच्या आदल्या दिवसाचा होता, म्हणजे अपग्रेड पहिल्यांदा फसले तेव्हा वीज सुरळीत होती. वीज गेल्याने यंत्र बंद पडले हे खरे, पण अपग्रेड का होत नव्हते याचे उत्तर त्यात नव्हते.

आधी प्रत

या टप्प्यावर बहुतेक जण दुरुस्तीची आज्ञा देऊन बसतात. विंडोजच्या पेनड्राइव्हवरची ‘स्टार्टअप रिपेअर’, चेकडिस्क, बूटरेक ही सगळी साधने डिस्कवर लिहितात, आणि अर्धवट अवस्थेतल्या डिस्कवर लिहिले की मूळ अवस्था कायमची जाते. एसएसडीच्या बाबतीत फॉरमॅटचा सल्ला तर सर्वांत घातक. विंडोज फॉरमॅट करताना एसएसडीला ट्रिमची सूचना पाठवते, त्यानंतर एसएसडी आतले रकाने स्वतःहून मोकळे करते आणि जुन्या हार्ड डिस्कवर जसा पुसलेला डेटा बरेचदा शोधून काढता येई, तसा तो इथे सहसा मिळत नाही. ‘फॉरमॅट मारा आणि मग रिकव्हरी करू’ हे वाक्य दुकानांतून अजूनही सर्रास ऐकू येते. ते हार्ड डिस्कच्या काळातले आहे.

म्हणून दुसऱ्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट या वेगळ्या प्रणालीचा लाइव्ह, म्हणजे डिस्कवर काही न टाकता थेट चालणारा, पेनड्राइव्ह तयार केला, बायॉसमध्ये सीएसएम बंद करून यूईएफआय परत आणले आणि डिस्कला धक्का न लावता त्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला. प्रथम डिस्क स्वतःच्या तब्येतीबद्दल ठेवते त्या स्मार्ट नोंदी पाहिल्या. बदललेले किंवा प्रलंबित सेक्टर, म्हणजे खराब झालेले वा संशयित भाग, एसएसडीवर नव्हते, हार्ड डिस्कवरही नव्हते. मग जीएनयू डीडीरेस्क्यू हे साधन वापरून संपूर्ण एसएसडीची प्रतिमा, म्हणजे तंतोतंत प्रत, बाहेरच्या यूएसबी डिस्कवर घेतली. यूएसबी ३ च्या वेगाने २४० जीबीला पाऊण तासाच्या आसपास वेळ लागतो. वाचताना एकही चूक आली नाही, म्हणजे हार्डवेअर शाबूत असल्याची ती दुसरी साक्ष झाली.

ड्राइव्ह बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या एन्क्रिप्शनच्या सोयीने, कुलूपबंद आहे का, हेही याच वेळी पाहिले. नव्हती. हल्ली विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती मायक्रोसॉफ्ट खात्यासह नव्याने टाकली तर ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट होऊ शकते. तशा यंत्रावर ४८ अंकी रिकव्हरी की हाती नसेल, तर पुढे लिहिलेले काहीही करता येत नाही.

फाइली कुठे होत्या

काकूंना काळजी एकाच गोष्टीची होती. “भाऊ, डी ड्राइव्हचं काही नाही, तिथलं सगळं छापून झालेलं आहे. चालू काम डेस्कटॉपवरच होतं, तेवढं मिळालं पाहिजे.” लिनक्समधून सी ड्राइव्ह केवळ वाचनासाठी उघडली, तेव्हा त्यांच्या खात्यातला डेस्कटॉप फोल्डर रिकामा होता.

तो रिकामा का होता हे समजण्यासाठी अपग्रेड आतून कसे चालते ते पाहिले पाहिजे. सेटअप चार टप्प्यांत काम करतो. पहिल्या टप्प्यात जुनी विंडोज चालू असतानाच फाइली उतरवून तयारी होते. दुसऱ्या टप्प्यात, ज्याला सेफ ओएस म्हणतात, संगणक एका छोट्या स्वतंत्र प्रणालीत सुरू होतो. जुनी विंडोज, प्रोग्राम आणि वापरकर्त्यांचे फोल्डर ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरात सरकवले जातात आणि नवी विंडोज त्यांच्या जागी मांडली जाते. तिसऱ्या टप्प्यात नवी विंडोज पहिल्यांदा सुरू होऊन उपकरणांचे ड्रायव्हर बसवते, आणि चौथ्या टप्प्यात वापरकर्त्याच्या सेटिंग लागतात. मध्ये कुठे अडले तर हाच क्रम उलटा चालवून सगळे परत जागेवर आणले जाते. घर बदलताना सामानाचा टेम्पो अर्ध्या वाटेवर बंद पडावा तशी या डिस्कची अवस्था होती: काही फोल्डर जुन्या पत्त्यावर परत पोचले होते, काही ‘विंडोज डॉट ओल्ड’मध्येच राहिले होते.

दिलासा देणारी बाब अशी, की एकाच ड्राइव्हवर फोल्डर हलवताना एनटीएफएसमध्ये, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याच्या विंडोजच्या पद्धतीत, फाइलींचा मजकूर हलत नाही; केवळ तो फोल्डर कोणाच्या पोटात आहे, ही नोंद बदलते. एनटीएफएस अशा नोंदींची रोजनिशी ठेवते, म्हणून वीज गेली तरी एखादे स्थलांतर एक तर पूर्ण झालेले असते किंवा मुळीच झालेले नसते. फाइल अर्धी इथे आणि अर्धी तिथे, असे या प्रकारात सहसा घडत नाही. त्यामुळे शोध सोपा होता. डेस्कटॉपवरचे सर्व काम ‘विंडोज डॉट ओल्ड’मधल्या ‘युजर्स’ फोल्डरात, काकूंच्या खात्याच्या नावाखाली, तारखांसकट जसेच्या तसे होते. ते बाहेरच्या डिस्कवर उतरवले आणि मोजक्या फाइली दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून पाहिल्या.

फाइली उघडल्या, पण वाचता येईनात. पत्रिकेच्या माथ्यावर श्रीगणेशाचे नमन जिथे असायला हवे तिथे इंग्रजी अक्षरे, कंस आणि टक्क्यांची चिन्हे यांची गर्दी होती. घरातल्यांना वाटले, फाइली खराब झाल्या. तसे नव्हते. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची सामायिक सांकेतिक पद्धत येण्यापूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये देवनागरी आकार इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक जागांवर बसवलेले असतात. फाइलमध्ये नोंद इंग्रजी अक्षराची असते आणि तिला मराठी रूप देतो तो फॉन्ट. तो विशिष्ट फॉन्ट यंत्रात नसेल तर मागची नोंद उघडी पडते. डीटीपीवाल्यांच्या घरी ‘डेटा वाचवला’ याचा अर्थ फाइली आणि फॉन्ट दोन्ही वाचवले असाच घ्यावा लागतो, आणि बाहेरचा तंत्रज्ञ नेमका इथे फसतो. विंडोज पुन्हा टाकून, डॉक्युमेंट्सचा फोल्डर परत देऊन तो निघून जातो आणि ग्राहकाच्या हाती गिचमिड उरते. सुदैवाने जुने फॉन्टही ‘विंडोज डॉट ओल्ड’मधल्या विंडोज फोल्डरच्या ‘फॉन्ट्स’मध्ये सुखरूप होते. तो पूर्ण फोल्डर उचलला, लॅपटॉपवर फॉन्ट बसवले आणि पत्रिका वाचता येऊ लागल्या. मंजूर प्रुफांचे पीडीएफ त्याच संध्याकाळी छापखान्यात गेले. घाईचा भाग तिथे संपला.

यावरून एक सावधगिरीही सांगून ठेवतो. यशस्वी अपग्रेडनंतर ‘विंडोज डॉट ओल्ड’ साधारण १० दिवस राहतो आणि मग विंडोज तो स्वतःहून काढून टाकते. डिस्क क्लीनअपमध्ये त्याची खूण केली तर त्याआधीही जातो. जागा खातो म्हणून तो उडवण्याची घाई बरेच जण करतात.

परतीचा अर्धा रस्ता

आता प्रश्न होता यंत्राचा. नव्याने विंडोज टाकणे हा स्वच्छ मार्ग, आणि निव्वळ कार्यालयीन कामाचा संगणक असता तर मी तोच घेतला असता. पण या यंत्रावर जुने डीटीपी प्रोग्राम, त्यांचे परवाने, प्रिंटरच्या रंगांच्या जुळवलेल्या सेटिंग आणि वर्षानुवर्षे साठवलेले साचे होते. ते सगळे पुन्हा बसवण्यात ऐन लग्नसराई निघून गेली असती. शिवाय प्रतिमा हाताशी असल्यामुळे दुरुस्ती फसली तरी मूळ अवस्थेला परत येण्याची सोय होती. म्हणून सेटअपने अर्ध्यावर सोडलेली माघार हाताने पूर्ण करायचे ठरवले.

विंडोज १० च्या पेनड्राइव्हवरून सुरू करून शिफ्ट आणि एफ१० दाबले की कमांडची खिडकी उघडते. इथे पहिली खबरदारी ड्राइव्हच्या अक्षरांची, कारण या वातावरणात सी म्हणजे आपली नेहमीची सी असेलच असे नाही. प्रत्येक अक्षराखाली काय आहे ते आधी पाहावे. जुना विंडोज फोल्डर संपूर्णपणे ‘विंडोज डॉट ओल्ड’मध्येच होता आणि बाहेर उभा होता तो नव्या विंडोजचा अपुरा फोल्डर. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगची नोंदवही, जुन्या फोल्डरात एकसंध राहिल्यामुळे हे शक्य झाले. ती दोन ठिकाणी विखुरली असती तर मी हा नाद सोडला असता. अपुऱ्या फोल्डरचे नाव बदलून तो बाजूला ठेवला, जुना त्याच्या जागी आणला, आणि प्रोग्राम फाइल्स, प्रोग्राम डेटा व युजर्स यांतले मागे राहिलेले फोल्डर एकेक करून जागेवर सरकवले. नंतर डिस्कपार्ट या साधनातून ईएफआय पार्टिशनला, म्हणजे बूटच्या फाइली असलेल्या डिस्कच्या छोट्या भागाला, तात्पुरते अक्षर दिले आणि बीसीडीबूट या आज्ञेने त्यावर बूटच्या फाइली नव्याने लिहिल्या. निळ्या पडद्यावरच्या कोडचे मूळ इथेच होते: बूटची नोंद अजूनही सेटअपच्या तात्पुरत्या प्रणालीकडे बोट दाखवत होती.

संगणक विंडोज १० मध्ये सुरू झाला. डेस्कटॉपवरची चित्रे आपापल्या जागी होती. चेकडिस्क आता चालवली, पाठोपाठ डिझम आणि एसएफसी या विंडोजच्याच साधनांनी प्रणालीच्या फाइली तपासून घेतल्या, छपाईची चाचणी घेतली, आणि या चालत्या अवस्थेची नवी प्रतिमा काढली.

अपग्रेड मुळात का फसत होते

फोनमधल्या फोटोत ०एक्स सी१९००१०१ – ०एक्स ३००१८ असा दुहेरी कोड होता. त्याचा पहिला भाग फारसे सांगत नाही. अपग्रेड मागे घेतले गेले एवढाच त्याचा अर्थ, आणि त्यामागे बहुधा एखादा ड्रायव्हर असतो. उपयोगाचा आहे तो दुसरा भाग. त्यातला ३ हा आकडा टप्पा सांगतो: नवी विंडोज पहिल्यांदा सुरू होऊन उपकरणे ओळखत असतानाची वेळ. म्हणजे डिस्कची जागा, डाउनलोड, जीपीटीचे रूपांतर हे सगळे पार पडल्यानंतरचा बिघाड. दुकानदारावरचा आळ इथे पुसला जातो.

नेमका ड्रायव्हर शोधण्यासाठी सेटअपच्या नोंदवह्या पाहिल्या. अपग्रेडच्या काळात सी ड्राइव्हवर जो लपलेला फोल्डर तयार होतो, त्यातल्या ‘पँथर’ आणि ‘रोलबॅक’ या फोल्डरांत त्या असतात. मायक्रोसॉफ्टचे सेटअपडायग नावाचे मोफत साधन त्या वाचून निष्कर्ष देते, पण उपकरणांची नोंदवही शेवटाकडून उलटी वाचत जाणे मला अधिक भरवशाचे वाटते. शेवटची नोंद एका यूएसबी हार्डवेअर लॉकच्या ड्रायव्हरची होती. ती सुरू झाली होती, संपल्याची ओळ मात्र नव्हती.

हा लॉक कॅबिनेटच्या मागच्या बाजूला, धुळीने भरलेल्या यूएसबी खाचेत, बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा, वरची चिठ्ठी पुसून गेलेला असा बसलेला होता. एका जुन्या डीटीपी प्रोग्रामचा परवाना त्यात असतो. तो काढला की प्रोग्राम उघडत नाही, म्हणून तो कधीच काढला जात नसे. अपग्रेडपूर्वी नको ती यूएसबी उपकरणे काढून ठेवा, ही सूचना सगळीकडे छापलेली असते, पण पेनड्राइव्ह किंवा कॅमेरा काढताना या लॉककडे ‘उपकरण’ म्हणून कोणाचे लक्ष जात नाही.

नोंदवहीतली ओळ हा पुरावा नव्हे, संशय आहे. म्हणून चालत्या विंडोज १० ची प्रतिमा एका सुट्या एसएसडीवर उतरवली, मूळ एसएसडीची केबल काढून ठेवली आणि अपग्रेड पुन्हा चालवले. लॉक व त्याचा ड्रायव्हर जागेवर ठेवल्यावर तोच दुहेरी कोड आला. लॉक काढून, ड्रायव्हर उतरवून, संगणक रीस्टार्ट करून तेच अपग्रेड चालवले तेव्हा विंडोज ११ विनाअडथळा पूर्ण झाली. दोन्ही वेळी यूपीएसला नवी १२ व्होल्टची बॅटरी लावलेली होती, त्यामुळे विजेचा मुद्दा चाचणीत आला नाही.

पुढची व्यवस्था

मूळ एसएसडीवर विंडोज ११ टाकलेली नाही. काकूंकडच्या प्रोग्रामची आवृत्ती या जुन्या ड्रायव्हरशिवाय उघडत नाही, आणि निम्मे साचे त्याच प्रोग्रामचे आहेत. विंडोज १० च्या २२एच२ आवृत्तीला घरगुती वापरकर्त्यांसाठी विस्तारित सुरक्षा अद्यतनांची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. तिच्यात नोंदणीसाठी मायक्रोसॉफ्ट खाते लागते, आणि सेटिंगचा बॅकअप त्या खात्याशी जोडला तर वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत. यंत्रावर आजवर स्थानिक खाते होते. नवे खाते उघडून ही नोंदणी करून दिली. काही जण अद्यतने बंद झालेल्या विंडोजवरच निर्धास्तपणे ऑनलाइन पैसे भरत राहतात. तसे करण्यापेक्षा ही मुदत पुष्कळ बरी, पण ती मुदतच आहे.

चाचणीतली विंडोज ११ असलेली सुटी एसएसडी काकूंनी ठेवून घेतली आहे. नव्या पत्रिका आता युनिकोड फॉन्टमध्ये जुळवायला त्यांनी सुरुवात केली असून त्या दोन्ही प्रणालींवर उघडतात. जुन्या साच्यांपैकी वारंवार लागणारे साचे मुलगी फॉन्ट परिवर्तकातून काढून, जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घालून, सवडीने युनिकोडमध्ये आणते आहे. चालू कामाचा आणि फॉन्टच्या फोल्डरचा बॅकअप दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवर जातो, आणि एरवी ती डिस्क संगणकाला जोडलेली नसते. लॉक देणाऱ्यांकडून नवा ड्रायव्हर मिळाला तर तो आधी सुट्या एसएसडीवर तपासून पाहायचा आणि मगच मूळ यंत्राला हात लावायचा, असे ठरले आहे.